अपोफिसची कक्षा : वाट जवळ असणे आणि वेळ जुळणे

मृगशीर्ष (मूळ लेख)

९९९४२ क्रमांकाच्या अपोफिस या लघुग्रहाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक एकाच तारखेभोवती घोटाळते. ती तारीख १३ एप्रिल २०२९, आणि योगायोगाने त्या दिवशी शुक्रवार आहे. त्या दिवशी जागतिक वेळेनुसार रात्री पावणेदहाच्या सुमारास साधारण ३४० मीटर व्यासाचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जेमतेम ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतात, म्हणजे तो त्यांच्याही आतून जाणार आहे. तो धडकणार नाही, हे आता पक्के ठरले आहे. तारखेची चर्चा पुरेशी झाली. मला येथे कक्षेविषयी बोलायचे आहे, कारण तारीख कक्षेतूनच निघते आणि कक्षा समजून घेतली नाही तर ‘धोकादायक’ या विशेषणाचाही अर्थ लागत नाही.

अपोफिस सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ३२४ दिवसांत पूर्ण करतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, हे एक खगोलीय एकक मानले तर अपोफिसचे सरासरी अंतर ०.९२ एकक भरते. मात्र त्याचे लंबवर्तुळ पृथ्वीच्या कक्षेपेक्षा बरेच ताणलेले आहे. त्याची उत्केंद्रता, म्हणजे ताणलेपणाचे माप, ०.१९ आहे, तर पृथ्वीची केवळ ०.०१७. त्यामुळे उपसूर्य बिंदूपाशी तो ०.७५ एककापर्यंत आत जातो, जवळजवळ शुक्राच्या कक्षेला भिडतो, आणि अपसूर्य बिंदूपाशी १.१० एककापर्यंत बाहेर येतो. ज्यांचे सरासरी अंतर पृथ्वीपेक्षा कमी असते, पण बाहेरच्या टोकाशी जे पृथ्वीच्या कक्षेपलीकडे डोकावतात, अशा लघुग्रहांच्या गटाला अ‍ॅटेन गट म्हणतात. अपोफिस सध्या त्या गटात आहे. ‘सध्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

आता ‘संभाव्य धोकादायक’ या शिक्क्याविषयी. हा शिक्का दोन कसोट्यांवर मारला जातो. लघुग्रहाच्या आणि पृथ्वीच्या कक्षा एकमेकींच्या जिथे सर्वांत जवळ येतात, तेथील अंतर ०.०५ खगोलीय एककापेक्षा, म्हणजे सुमारे ७५ लाख किलोमीटरपेक्षा जास्त नसावे, ही पहिली कसोटी. लघुग्रहाची निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक अंतरावरून दिसेल त्या तेजाचा अंक (अंक लहान तेवढे तेज जास्त), २२ किंवा त्याहून तेजस्वी असावी, ही दुसरी. ढोबळमानाने याचा अर्थ व्यास १४० मीटर किंवा त्याहून अधिक. या दोन्हींत काळाचा उल्लेख कोठेही नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. दोन रस्ते एकमेकांना छेदतात एवढेच हा शिक्का सांगतो. दोन्ही गाड्या चौकात एकाच क्षणी पोहोचतील की नाही, याविषयी तो काहीच बोलत नाही.

या वेळापत्रकाचे गणित साधे आहे. अपोफिसला एका फेरीला ०.८८६ वर्ष लागते, पृथ्वीला एक वर्ष. त्यावरून तो पृथ्वीला दर पावणेआठ वर्षांनी एका पूर्ण फेरीने मागे टाकतो, आणि तेवढ्याच अंतराने तो आपल्या जवळ येतो. एरवी तो सूर्याच्या पलीकडे किंवा आपल्यापासून बराच दूर असतो. म्हणूनच त्याची कक्षा नेमकी करण्याच्या संधी इतक्या मोजक्या मिळाल्या. जाणकारांनी यात भर घालावी, चूक असेल तर दाखवावी.

शंकेखोर

लेख आवडला, परंतु माझ्या मनातली जुनी शंका त्याने मिटली नाही, उलट वाढली. २००४ च्या डिसेंबरात याच लघुग्रहाच्या धडकेची शक्यता २.७ टक्के असल्याचे सांगितले गेले होते. त्याआधीच्या दिवसांत ती त्याहून कमी होती, म्हणजे निरीक्षणे वाढत गेली तसतशी शक्यताही वाढत गेली. मग एका दिवसात ती नाहीशी झाली. जे मोजमाप सतत वर चढते आणि मग अचानक शून्य होते, त्यावर सामान्य वाचकाने विश्वास का ठेवावा? २०२५ च्या फेब्रुवारीत २०२४ वायआर४ या दुसऱ्या लघुग्रहाच्या बाबतीतही हेच घडले, ३.१ टक्क्यांपर्यंत आकडा चढला आणि काही दिवसांतच उतरला. हे शास्त्र आहे की अंदाजपंचे, असे कोणी विचारले तर मी काय उत्तर द्यावे?

त्रिज्या

शंकेखोर, आपण जे वर्णन केले आहे ते मोजमाप बिघडल्याचे लक्षण नसून ते ठीक चालल्याचे लक्षण आहे. एक महत्त्वाचा कागद कपाटाच्या दहा खणांपैकी कोणत्या तरी एका खणात आहे, असे समजा. सुरुवातीला सर्वांत खालच्या खणात तो असण्याची शक्यता दहा टक्के आहे. वरून एकेक खण उघडत आलात आणि पाच रिकामे निघाले, तर खालच्या खणाची शक्यता आपोआप वीस टक्के होते. आठ रिकामे निघाले की ती पन्नास टक्के होते. खालच्या खणात काहीही बदललेले नाही. फक्त उरलेल्या जागा कमी झाल्या आहेत. नवव्या खणात कागद सापडला की खालच्या खणाची शक्यता पन्नासावरून थेट शून्यावर येते, मध्ये कोठेही न थांबता.

लघुग्रहाच्या बाबतीत हे खण म्हणजे त्या दिवशी तो जिथे असू शकेल असा अवकाशातला एक लांबट, अरुंद पट्टा असतो. निरीक्षणे थोडी असताना हा पट्टा कोट्यवधी किलोमीटर लांब असू शकतो आणि पृथ्वी त्यातला एक ठिपका असते. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून पट्ट्यातच असेल तर आखूड पट्ट्याचा मोठा वाटा ती व्यापते आणि शक्यता चढते. पट्ट्याचे टोक पृथ्वीवरून सरकले की आकडा कोसळतो.

अपोफिसचा इतिहास हे नेमके दाखवतो. १९ जून २००४ रोजी अ‍ॅरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतून रॉय टकर, डेव्हिड थोलेन आणि फॅब्रिझिओ बर्नार्डी यांनी तो शोधला, परंतु दोन रात्रींनंतर तो हातचा निसटला. डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंग येथून तो पुन्हा सापडला, तेव्हा त्याचे तात्पुरते नाव २००४ एमएन४ होते. २७ डिसेंबरला शक्यता ३७ मध्ये १ झाली आणि धडकेचा धोका दाखवणाऱ्या टोरिनो मापनश्रेणीवर त्याला ४ हा अंक मिळाला. शून्य ते दहा अशा त्या श्रेणीवर आजवर कोणत्याही लघुग्रहाला याहून वरचा अंक मिळालेला नाही. त्याच दिवशी जुन्या छायाचित्रांत त्याचा मार्च २००४ मधला ठसा सापडला. त्यावेळी तो तिथे आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. या एका ठशाने निरीक्षणांचा काळ मागे तीन महिने ताणला गेला, कक्षेची लांबी पक्की झाली आणि २०२९ ची धडक निकालात निघाली. जगाचे लक्ष मात्र तेव्हा इकडे नव्हतेच, कारण आदल्याच दिवशी हिंद महासागरात त्सुनामी आली होती.

जुनी दुर्बीण

मृगशीर्ष यांनी चूक दाखवण्याचे आवाहन केले आहे म्हणून लिहितो. पावणेआठ वर्षे ही सरासरी बरोबर आहे, परंतु प्रत्यक्ष भेटी तशा झालेल्या नाहीत. २१ डिसेंबर २००४, ९ जानेवारी २०१३, ६ मार्च २०२१ आणि १३ एप्रिल २०२९ या चार तारखा समोर ठेवा. प्रत्येक दोहोंमधले अंतर आठ वर्षांहून थोडे अधिक भरते. कारण असे की सरासरीचे गणित दोन्ही वस्तू समान गतीने वर्तुळात फिरतात असे धरून चालते, आणि अपोफिस तसा फिरत नाही. अपसूर्य बिंदूपाशी त्याची कोनीय गती पृथ्वीच्या साधारण ७८ टक्के एवढीच उरते, म्हणजे एरवी आपल्याला मागे टाकणारा हा गडी तेथे आपल्यापेक्षा मंद चालतो आणि रेंगाळतो. गेल्या वीस वर्षांतल्या भेटी याच टोकाच्या आसपास झाल्या आहेत, म्हणून त्यांच्यातले अंतर सरासरीपेक्षा जास्त निघते.

आणखी एक गोष्ट या तारखांतून दिसते. पहिल्या दोन भेटींत तो सुमारे १.४ कोटी किलोमीटरवर होता, २०२१ मध्ये १.७ कोटी किलोमीटरवर. म्हणजे तो टप्प्याटप्प्याने जवळ सरकत आलेला नाही. भेट वर्षातल्या कोणत्या दिवशी होते, यावर सगळे अवलंबून आहे, आणि तो दिवस दर खेपेला डिसेंबराकडून एप्रिलकडे सरकत आला.

मृगशीर्ष

धन्यवाद, जुनी दुर्बीण. मी सरासरीलाच प्रत्यक्ष वेळापत्रक समजून बसलो होतो. मूळ लेख तसाच ठेवतो, नाहीतर पुढच्या वाचकाला आपला प्रतिसाद कशाविषयी आहे ते कळणार नाही.

अर्धविराम

येथे मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. या लघुग्रहाविषयी आजवर ज्या ज्या धडकेच्या तारखा चर्चेत आल्या, त्या सगळ्या एप्रिलच्या मध्यावरच्या आहेत: १३ एप्रिल २०२९, १३ एप्रिल २०३६, १२ एप्रिल २०६८. वर्षे निरनिराळी आणि दिवस मात्र तोच. हे वाचून कोणालाही संशय येईल. एप्रिलमध्ये असे काय आहे?

ध्रुवमत्स्य

एप्रिलमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये पृथ्वी जिथे असते, तिथे आहे. अपोफिसच्या कक्षेची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ३.३ अंशांचा कोन करते. दोन कलत्या पातळ्या एका रेषेत छेदतात, त्यामुळे अपोफिस आपल्या प्रत्येक फेरीत पृथ्वीची पातळी केवळ दोनदा ओलांडतो: एकदा दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि एकदा उत्तरेकडून दक्षिणेकडे. या दोन बिंदूंना पात म्हणतात, पहिला आरोही आणि दुसरा अवरोही. एरवी तो पृथ्वीच्या पातळीच्या वर किंवा खाली असतो आणि तिथे गाठ पडण्याचा प्रश्नच येत नाही.

आता हे दोन पात सूर्यापासून किती दूर आहेत ते पाहू. उत्केंद्रता आणि उपसूर्य बिंदूची दिशा घेऊन गणित केले तर आरोही पात जवळजवळ १.००३ एककांवर येतो, आणि अवरोही पात सुमारे ०.८० एककांवर. दुसरा पात पृथ्वीच्या कक्षेच्या पार आत, तीन कोटी किलोमीटर अलीकडे आहे, तो निरुपद्रवी. पहिला मात्र जवळजवळ नेमका पृथ्वीच्या वाटेवर पडतो. पृथ्वी या जागी दर वर्षी १३ एप्रिलच्या आसपास येते, कारण वर्षाचा दिवस म्हणजे शेवटी पृथ्वीचे कक्षेतले स्थानच. त्यामुळे धडक व्हायचीच असेल तर ती याच दिवसांत होऊ शकते; वर्षातले उरलेले दिवस भूमितीनेच बाद केले आहेत. वर्ष कोणते, हे मात्र अपोफिस त्या पातावर कधी पोहोचतो यावर ठरते.

याच भूमितीतून आणखी एक बाब निघते. आरोही पातापाशी अपोफिस अपसूर्याकडून उपसूर्याकडे, म्हणजे बाहेरून आत निघालेला असतो. म्हणून २०२९ मध्ये तो रात्रीच्या आकाशाच्या बाजूने येईल, साध्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याएवढा दिसेल, आणि पृथ्वीला ओलांडल्यावर सूर्याच्या बाजूला जाऊन दिवसाच्या उजेडात हरवेल. येताना सारे जग पाहील आणि जाताना जमिनीवरच्या दुर्बिणींना तो अवघड होईल.

अवांतर: पात हा शब्द आपल्या ज्योतिर्गणितात जुना आहे. चंद्राच्या दोन पातांना आपण राहू आणि केतू म्हणतो. ग्रहणे महिन्यातून दोनदा का होत नाहीत आणि अपोफिस दर वर्षी का धडकत नाही, या दोन प्रश्नांचे उत्तर मुळात एकच आहे.

अर्धविराम

फार सुंदर. राहू-केतूंची तुलना वाचल्यावर सगळे एकदम उलगडले. २०३६ आणि २०६८ या तारखा मुळात आल्या कोठून आणि गेल्या कोठे, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

त्रिज्या

यासाठी दोन गोष्टी लागतात, आणि दोन्हींत अपोफिसचे खरे वैशिष्ट्य आहे.

पहिली गोष्ट २०२९ ची भेट स्वतःच. अपोफिस पृथ्वीच्या इतक्या जवळून जाईल की तिचे गुरुत्वाकर्षण त्याची वाट वाकवेल आणि गोफणीतून गुंडा सुटावा तसा त्याला नव्या कक्षेत फेकेल. त्याचे सरासरी अंतर ०.९२ वरून १.१० एककांवर जाईल, फेरीचा काळ ३२४ दिवसांवरून सुमारे ४२३ दिवसांवर. तो अ‍ॅटेन गटातून निघून अपोलो गटात, म्हणजे पृथ्वीपेक्षा जास्त सरासरी अंतर असलेल्यांच्या गटात, जाईल. मृगशीर्ष यांनी ‘सध्या’ म्हटले ते यासाठी. ही वाट किती वाकेल हे तो नेमका किती अंतरावरून जातो यावर अवलंबून असते, आणि येथे शंभर किलोमीटरचा फरकही पुढे फार मोठा होतो. भेटीपूर्वीच्या पट्ट्यातले जवळजवळचे दोन बिंदू भेटीनंतर निरनिराळ्या काळाच्या कक्षांत पडतात आणि दर फेरीला एकमेकांपासून दूर जातात.

त्या पट्ट्यात काही अगदी अरुंद जागा अशा असतात की तेथून गेलेला लघुग्रह ठरावीक वर्षांनी नेमका पृथ्वीवर परततो. त्यांना कीहोल म्हणतात, कुलपाच्या भोकासारख्या. २०३६ च्या धडकेसाठी अपोफिसला २०२९ मध्ये सुमारे ६०० मीटर रुंदीच्या कीहोलमधून जावे लागले असते. तसे झाले असते तर त्याच्या सहा फेऱ्या आणि पृथ्वीची सात वर्षे बरोबर जुळली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही, हे कोणालाही कागदावर पडताळता येईल. ४२३.६ दिवस गुणिले सहा म्हणजे २,५४१ दिवस. सात वर्षांचे होतात २,५५७. अपोफिस पातावर सुमारे १५ दिवस आधी पोहोचतो. पृथ्वी दिवसाला सुमारे २५.७ लाख किलोमीटर चालते, म्हणजे ती तेव्हा पातापासून जवळजवळ चार कोटी किलोमीटर मागे असेल. नेमके गणित यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे, पण निष्कर्ष या ढोबळ आकड्यांतही दिसतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सूर्याच्या उजेडाने तापलेला दगड फिरत फिरत आपली उष्णता अवकाशात सोडतो, आणि तापलेली बाजू सूर्यासमोरून सरकल्यावर ती सोडतो. या उष्णतेच्या बाहेर पडण्याने अतिशय मंद रेटा बसतो. त्याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. अपोफिस उलट्या दिशेने फिरत असल्यामुळे हा रेटा त्याची कक्षा आकसवतो. सरासरी अंतर वर्षाला सुमारे २०० मीटरने कमी होते. २०० मीटर ऐकून हसू येईल. पण कक्षा आखूड झाली की फेरीचा काळ कमी होतो, आणि हा फरक कालांतराने वर्गाच्या प्रमाणात साचतो. दहा वर्षांत तो लघुग्रहाला आपल्या वाटेवर सुमारे १०० किलोमीटर पुढे नेतो, पंचवीस वर्षांत साडेसहाशेहून अधिक. ज्या कीहोलची रुंदी शेकड्यातल्या मीटरांत मोजायची, तेथे हे साडेसहाशे किलोमीटर वगळून चालत नाही. २०६८ ची शक्यता दीर्घकाळ लोंबकळत राहिली ती प्रामुख्याने यामुळे: हा रेटा नेमका किती, हे मोजता आलेले नव्हते.

शंकेखोर

खणांचे उदाहरण मला पटले आणि मी माझा ‘अंदाजपंचे’ हा शब्द मागे घेतो. पण २०० मीटरची आकस कोट्यवधी किलोमीटरवरून मोजतात कशी? दुर्बिणीतून तर तो एक ठिपका दिसतो.

जुनी दुर्बीण

दुर्बिणीने आकाशातली दिशा कळते, अंतर कळत नाही. अंतरासाठी रडार लागते. मार्च २०२१ च्या भेटीत कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन येथील ७० मीटर व्यासाच्या तबकडीने रेडिओ लहरी पाठवल्या आणि त्यांचा प्रतिध्वनी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक दुर्बिणीने ऐकला. लहर जाऊन यायला किती वेळ लागला यावरून १.७ कोटी किलोमीटरवरच्या वस्तूचे अंतर सुमारे १५० मीटरच्या अचूकतेने निघाले. एरवी या कामी येणारी अरेसिबोची महाकाय तबकडी त्याआधी तीन महिने, डिसेंबर २०२० मध्ये, कोसळली होती; नाहीतर तिचाही उपयोग झाला असता. एका वेळच्या अंतरावरून रेटा कळत नाही, परंतु २००५, २०१३ आणि २०२१ अशी रडारची मोजमापे आणि सतरा वर्षांची प्रकाशीय निरीक्षणे एकत्र केली की रेट्याशिवाय गणित जुळतच नाही, आणि जो रेटा धरल्यावर जुळते तोच खरा रेटा. त्याच महिन्याच्या अखेरीस नासाने २०६८ ची शक्यता रद्द केली, अपोफिसचे नाव जोखमीच्या यादीतून काढले आणि किमान शंभर वर्षे धडक नाही असे जाहीर केले.

मृगशीर्ष

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे, जी हा धागा सुरू करताना माझ्याही मनात इतकी स्पष्ट नव्हती. ज्याच्या धडकेची शक्यता शून्य ठरली तो अपोफिस अजूनही ‘संभाव्य धोकादायक’ आहे आणि राहील, कारण त्याची वाट पृथ्वीच्या वाटेला खेटूनच जाते. उलट २०२४ वायआर४ ची शक्यता २२ डिसेंबर २०३२ साठी ३.१ टक्क्यांवर, म्हणजे अपोफिसपेक्षाही वर गेली होती, आणि तो ‘संभाव्य धोकादायक’ कधीच नव्हता, कारण त्याचा व्यास सुमारे ६० मीटर आहे आणि मर्यादा १४० मीटरची. शिक्का एक गोष्ट मोजतो, जोखीम दुसरीच. बातम्यांत दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात तेव्हा गोंधळ होतो.

ध्रुवमत्स्य

मर्यादेखालच्यांना मात्र कमी लेखू नये. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड सुमारे २० मीटरचा होता. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणालाच दिसला नव्हता. त्याच दिवशी सर्वांच्या दुर्बिणी २०१२ डीए१४ नावाच्या दुसऱ्याच लघुग्रहाकडे वळलेल्या होत्या, जो पृष्ठभागापासून २७,७०० किलोमीटरवरून ठरल्याप्रमाणे शांतपणे निघून गेला. अ‍ॅटेन गटातले लघुग्रह बहुतेक वेळ पृथ्वीच्या कक्षेच्या आत, म्हणजे सूर्याच्या झगझगाटात असतात, त्यामुळे ते शोधणेच कठीण. अपोफिस मोठा होता म्हणून सापडला. तरीही दोन रात्रींनी हरवलाच.

अर्धविराम

समजा कीहोल खरोखरच लागली असती, तर करता काय आले असते? दगड फोडण्याच्या कल्पना मला पटत नाहीत.

त्रिज्या

फोडण्याची गरजच नसते. वेळ चुकवायची असते, एवढेच. गतीच्या दिशेने सेकंदाला १ सेंटिमीटर इतका बदल केला तर दहा वर्षांत लघुग्रह आपल्या वाटेवर सुमारे ९,५०० किलोमीटर सरकतो, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. कीहोल चुकवायला तर याचा क्षुल्लक अंश पुरतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डिडिमोस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या सुमारे १५० मीटरच्या डायमॉर्फोसवर आदळवले गेले, तेव्हा त्याच्या डिडिमोसभोवतीच्या गतीत सेकंदाला सुमारे २.७ मिलिमीटरचा फरक पडला आणि त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा फेरा अर्ध्या तासाहून अधिक घटला. अपोफिसचे वस्तुमान डायमॉर्फोसच्या सुमारे दसपट असावे, तेव्हा तेवढ्याच यानाचा परिणाम त्या प्रमाणात कमी होईल. पण वीस वर्षे हाताशी असली तर मिलिमीटरचा अंशही पुरे. हा सगळा व्यवहार वेळेचा आहे, बळाचा नव्हे.

शंकेखोर

शेवटची शंका. २०२९ नंतर कक्षा बदलेल हे कळले. पण यार्कोव्हस्की रेटा तोच राहील का? तो दगडाच्या फिरण्यावर अवलंबून असेल आणि पृथ्वी जवळून जाताना ते फिरणेच बदलले, तर शंभर वर्षांची ग्वाही कशाच्या आधारावर?

जुनी दुर्बीण

शंका रास्त आहे. अपोफिस आत्ताही एका स्थिर अक्षाभोवती फिरत नाही. तो डुलत, लोळत फिरतो आणि त्याचे तेज साधारण ३० तासांच्या आवर्तनाने कमीजास्त होते. पृथ्वीच्या भरतीसारख्या ओढीने हे लोळणे बदलेल अशी अपेक्षा आहे, कदाचित पृष्ठभागावरचे सैल दगडगोटेही घसरतील. परंतु शंभर वर्षांची ग्वाही रेटा तोच राहील यावर टेकलेली नाही. भेटीनंतरची कक्षा मोठ्या कीहोलांपासून पुरेशी दूर पडते, आणि रेट्यातला कोणताही शक्य बदल ते अंतर शंभर वर्षांत भरून काढू शकत नाही. त्यापुढच्या काळासाठी मात्र पुन्हा मोजावे लागेल.

त्याची तयारीही आहे. बेन्नू या लघुग्रहावरचे नमुने २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर सोडून पुढे गेलेले नासाचे यान आता ओसिरिस-अ‍ॅपेक्स या नावाने भेटीनंतर अपोफिसला गाठणार आहे, आणि पृष्ठभागाजवळ जाऊन आपल्या इंजिनांच्या फवाऱ्याने तेथली धूळ उडवून खाली काय आहे ते पाहणार आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या रामसेस यानाची योजना २०२८ मध्ये निघून भेटीपूर्वीच तेथे पोहोचण्याची आहे, म्हणजे लोळणे आधी कसे होते आणि नंतर कसे झाले, हे दोन्ही मोजता येईल. ध्रुवमत्स्य यांनी म्हटल्याप्रमाणे अपोफिस उजेडात हरवेल तो जमिनीवरच्या दुर्बिणींसाठी. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या यानाला सूर्याच्या झगझगाटाची अडचण नसते.